गिजूनं विचारायला सांगितलंय

प्रिय आई,

हे पत्र तुला सेरोराबाई वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांनाच सांगतो: बाई, शेवटचं पान आधी वाचू नका. चर्चची झाडलोट करता करता सगळ्या गावाची पत्रं तुम्हीच वाचता, आणि आधी शेवट बघून मग सुरुवातीला यायची तुमची खोड मला चांगली ठाऊक आहे. आई चुलीपाशी बसली असेल. तिच्या उजव्या कानाला कमी ऐकू येतं, तेव्हा डावीकडे बसा आणि सावकाश वाचा.

आई, गेल्या उन्हाळ्यात इथल्या लोकांनी दूरच्या खाडीतल्या जहाजवाल्यांना मी जिवंत असल्याचं सांगितलं, आणि त्यावर तुझा निरोप पोचला. कप्तान उगार्तेनं टोपी हातात धरून, शाळेतल्या पोरासारखा उभा राहून तो जसाच्या तसा म्हणून दाखवला: "जिवंत माणसं घरी येतात." बाकी काही नाही, खुशाली नाही, आशीर्वाद नाही. मला इतकं हसू आलं आणि लगेच इतकं रडू आलं की कप्तान बिचारा समुद्राकडे बघत राहिला. तू पाठवलेलं चीज आणि सदरा दोन्ही मिळालं. कप्तान म्हणतो, वारा फिरला की शीड वर, आणि जहाजात माझ्यासाठी जागा राखून ठेवलीय. तेव्हा मी त्या जागेवर बसणार की नाही, एवढीच या पत्राची गोष्ट आहे. पण ती सांगण्याआधी गिजू कोण ते तुला कळायला हवं, नाहीतर तू मला कृतघ्न म्हणशील. म्हण, हरकत नाही, पण ऐकून घेऊन म्हण.

मी मागे राहिलो यात कुणाचीच चूक नाही. हे सगळ्यांना सांग, विशेषतः त्यांना, जे अजून त्या दोन कप्तानांशी बोलत नाहीत. त्या वर्षी थंडी लवकर आली. तेलाच्या पिंपांना बांधायच्या लाकडी कड्या कमी पडल्या, म्हणून मी कोवळी झाडं तोडायला खाडीतून आत गेलो होतो. खाडीच्या तोंडाशी बर्फ धरायला लागल्यावर दोन्ही जहाजं घाईनं सुटली. पहिल्याला वाटलं एस्तेबे दुसऱ्यात आहे, दुसऱ्याला वाटलं पहिल्यात. मी लाकडाचा भारा पाठीवर घेऊन परतलो तर किनारा रिकामा. देवमाशाची चरबी वितळवायच्या भट्ट्या अजून कोमट होत्या. मी तिथंच बसलो आणि हात शेकत राहिलो, दुसरं काय करणार. आपल्या पिंपवाल्यांची लाल कौलांची छपरी उभी होती. थोडी कडक बिस्किटं, थोडा सुका मासा आणि तळाला राहिलेली सफरचंदाची आंबट दारू, एवढ्यावर हिवाळा काढायचा होता.

नदीच्या वरच्या अंगाला इथल्या मूळ लोकांची वस्ती होती. उन्हाळ्यात ते आमच्याकडे यायचे, मासे कापायला मदत करायचे आणि पाव, दारू घेऊन जायचे. आपली भाषा त्यांना तोडकीमोडकी यायची. "काय, कसं काय?" विचारलं की ठरलेलं उत्तर: "बरंय, पण पाद्र्यांचं आमच्याहून बरं." हे त्यांना आपल्याच खलाशांनी शिकवलेलं. (बाई, हे पाद्रीबाबांसमोर वाचू नका.) उन्हाळ्यात असे हसणारे लोक हिवाळ्यात मात्र माझ्यापासून लांब राहिले. कधी दाराबाहेर सीलच्या चरबीचा तुकडा ठेवलेला सापडायचा, पण समोर कुणी येत नव्हतं. का ते मला पुढं कोबितनं सांगितलं. कोबित म्हणजे गिजूचा भाचा, माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "अरे, ज्याला त्याचीच माणसं टाकून जातात, त्याच्यात काहीतरी खोट असणार ना. आम्ही म्हटलं, यानं कुणाचा तरी खून केला असेल, नाहीतर कुणाची बायको पळवली असेल. तुझं तोंड बघून बायको पळवली असशील असं वाटत नव्हतं, म्हणून खूनच धरला."

थंडी भरात आली तशा माझ्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, पोटऱ्यांवर काळे डाग उठले. आपल्याकडच्या खलाशांना समुद्रावर होतं तेच दुखणं. मला कळून चुकलं होतं. तेव्हा एका संध्याकाळी चंद्राची नवी कोर दिसली आणि तू शिकवलेला हिशेब आठवला, की हिवाळ्यातली ही कोर दिसली म्हणजे राखेचा बुधवार आला, मांस सोडून उपास धरायचा दिवस. दिवस चुकला असेल, माहीत नाही. पण म्हटलं, मरायचंच आहे तर निदान रीतीनं मरू. चुलीतली राख घेतली आणि कपाळाला लावली. धुरानं डोळे गळत होते, तेव्हा कपाळावरचा क्रूस काही जमला नाही, सगळ्या तोंडावर काळं फासलं गेलं. तसाच लाकडं आणायला बाहेर पडलो. दारात चरबी ठेवायला आलेला कोबित उभा होता. त्यानं पहिल्यांदाच माझ्या हातात मांस दिलं, आणि मी मान हलवून परत केलं. उपासाचे दिवस होते ना, आई. पोटात कावळे ओरडत होते, पण तुझ्या धाकानं मी मांस परत केलं. कोबित माझ्या तोंडाकडे बघत मागे मागे गेला आणि मग पळत सुटला.

थोड्या वेळानं एक म्हातारी आली. तिचं तोंडही काळं होतं. तिनं माझ्यासमोर बसून माझ्या चेहऱ्यावरची राख बोटानं चाचपली, मग जी मोठ्यानं रडायला लागली ती काही थांबेना. मीही रडलो, मला तर आपलं निमित्तच हवं होतं. मग ती उठली, नाक पुसलं आणि माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. पोरांनी मला बर्फावर ओढायच्या फळीवर घातलं आणि वस्तीवर नेलं. ती गिजू. त्यांच्यात आईला तशी हाक मारतात. तिनं मला झाडाच्या सालीचा असला कडू काढा पाजला की तुझा एरंडेलाचा चमचा गोड म्हणावा. कच्चं काळीज तोंडात कोंबलं, मी मान फिरवली तर कानशिलात दिली. उपास तिथंच संपला, देवा, क्षमा कर. पानं फुटायच्या आत मी चालायला लागलो, आणि दात सगळे शाबूत आहेत, एक सोडून.

भूर्जाच्या सालीच्या त्या झोपडीत प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते. मला विस्तवाच्या डाव्या बाजूला बसवलं. शेजारी कोण निजतं, तिथं आधी कोण बसायचं, काही ठाऊक नाही. मी आपला दयाळू लोक आहेत म्हणून देवाचे आभार मानत होतो. पण हळूहळू गंमतच व्हायला लागली. कोबित रोज संध्याकाळी हाडाच्या सोंगट्या आणि लाकडी परात घेऊन यायचा आणि म्हणायचा, "चल, मागच्या वेळचा वचपा काढ." मी म्हणायचो, मागची कुठली वेळ, मी हा खेळ कधी खेळलोच नाही. तो म्हणायचा, "हरला की असंच म्हणतोस." एक म्हातारा माझ्याकडे आला आणि भाल्याला नवा दांडा करून मागायला लागला, म्हणे तू कबूल केला होतास. मी करून दिला. लाकूडकामाला मी कधी नाही म्हटलंय?

भाषा जरा कळायला लागली तेव्हा उलगडा झाला. मी राख फासायच्या थोडेच दिवस आधी गिजूचा एकुलता एक मुलगा नदीच्या मुखाशी पातळ बर्फातून खाली गेला होता. घरचं कुणी गेलं की हे लोक तोंडाला काळं लावतात आणि धड जेवत नाहीत. सारी वस्ती सुतकात होती. तेवढ्यात त्यांनी पाहिलं, तो परका, ज्याला कुणी विचारत नव्हतं, ज्याला ते घाबरत होते, तोही तोंड काळं करून बसलाय आणि हातात दिलेलं मांस परत करतोय. त्यांना वाटलं, हा आपल्या पोरासाठी रडतोय. म्हणून गिजूनं मला त्याच्या जागी बसवलं. गेलेल्याचं नाव ते काढत नाहीत, म्हणून मला कुणी काही बोललं नाही.

हे कळलं आणि मी हातातला घास खाली ठेवला. दुसऱ्याच्या ताटात आपण चुकून जेवतोय असं वाटायला लागलं. मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, जेवढे शब्द होते तेवढ्यात, बाकी हातवाऱ्यांनी. की गिजू, मला तुझा मुलगा माहीतच नव्हता. आमच्याकडे वर्षातून एकदा देवासाठी राख लावतात, म्हणून मी लावली. कोबितला कधी गप्प बसवत नाही. तो म्हणाला, "देवासाठी? का बाबा, तुमच्या देवाचं कोण गेलं?" पाद्रीबाबांनी इतकी वर्षं घोकून घेतलेलं काही आठवेना. मी म्हटलं, "मुलगा." गिजू विस्तव सारखा करत होती, तिचा हात थांबला. "एकुलता?" मी म्हटलं, हो. ती जेवण माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "मग तुझं काही चुकलं नाही. बस जागेवर, निवतंय ते खा."

आई, मी ते खाल्लं. त्या रात्रीपासून मी तिला मनापासून गिजू म्हणायला लागलो. तुला हे ऐकून वाईट वाटेल का, याचा मी फार विचार केला. वाटू देऊ नकोस. तू मला राख लावायला शिकवलं नसतंस, भुकेल्या पोटी मांस परत करायला शिकवलं नसतंस, तर मी त्या छपरीत कुजून मेलो असतो. तू तिकडून वाचवलंस, तिनं इकडून. मी तुम्हा दोघींच्या उपकारांत नाकापर्यंत बुडालोय आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तेव्हापासून चार हिवाळे झाले, या खाडीत आपलं जहाज यंदाच आलं. काय काय सांगू? तिनं मला सांबराच्या मागे बर्फावर जाळीची पायताणं घालून पळायला शिकवलं आणि मी रोज तोंडावर आपटलो. मी तिला हौसेनं ओकच्या लाकडाचं पिंप करून दिलं, तर ती म्हणाली, "पाणी यात राहतं, ते ठीक. पण आपण हललो की हे काय आपल्यामागं चालत येणार?" ते पिंप अजून किनाऱ्यावर आहे, त्यात पोरं लपतात. ती मला आळशी म्हणते, लाकूड फोडताना मी ज्या शिव्या देतो त्या तिनं पाठ केल्यात आणि कुत्र्यांना देते. पाण्यात राहणाऱ्या बीव्हरचं शेपूट उपासाला मासा धरायचं की मांस, हे मला ती दरवर्षी विचारते. मी दरवर्षी मासा म्हणतो. पाद्रीबाबांना तेवढं विचारून ठेव.

आता तिचं वय झालंय. धुरानं डोळे गेल्यात जमा आहेत, आणि या वसंतापासून पाय धरले. वस्ती हलते तेव्हा मी तिला पाठीवर घेतो. ती वरून वाट सांगते, मला दिसत असतं आणि तिला नाही, तरी सांगते, आणि मी ठेचकाळलो की म्हणते, "बघून चाल की." बरोबरचे लोक हसून हसून बेजार होतात.

तर मग तुझा सदरा आला. मी घालून दाखवला. गिजूनं मला जवळ बसवून शिवण बोटांनी वाचायला सुरुवात केली, गळ्यापासून खाली. बाहीवर कोपराशी आली आणि थांबली. तू तिथं आतून दुसरा तुकडा लावलायस ना, मी पिंप घासताना कोपर टेकतो आणि कापड तिथंच विरतं म्हणून. गिजूनं तो तुकडा पुन्हा पुन्हा चाचपला. तिला मी पूर्वीच सांगितलं होतं की घरी आई आहे आणि ती मला मेलेलाच समजते. तेव्हा ती म्हणाली होती, मग तिचं रडून झालं असेल. आता सदऱ्यावरून हात फिरवत म्हणाली, "तू खोटं बोललास. हिचं रडून झालेलं नाही. ही अजून तुझ्या कोपराचा विचार करते." आणि उठता येत नाही तरी सरपटत जाऊन माझं सामान बांधायला लागली. माझ्यासाठी नवी पायताणं शिवून घेतली होती ती वर ठेवली, सुकवलेले मासे ठेवले. "उद्या जा. दुसऱ्या बाईचं पोर तिला न विचारता ठेवून घेणं आमच्यात बसत नाही. इतके दिवस मला वाटत होतं की तिनं सोडलंय."

मी काही बोलायच्या आत कोबित मध्ये पडला. त्यानं माझ्या अंगातला सदरा काढून, उलटा करून टाके उजेडात धरले. "मावशी, हे टाके बघ. म्हणजे, बघू नकोस, मी सांगतो. मुंगीच्या पावलाएवढे आहेत. जिला असं शिवता येतं तिचे डोळे धड, हात धड. तुला सुईचं भोक सोड, सुई सापडत नाही. हा गेला तर या हिवाळ्यात तुला पाठीवर कोण घेणार? मी? माझी कंबर बघितलीस?" गिजू त्याला म्हणाली, तुझी कंबर नव्हे, तोंड दुखायला हवं. पण विचारात पडली. तिसऱ्या दिवशी तिनं मला कप्तानाकडून कागद मागून आणायला लावला. हे पत्र तिचं आहे, आई. मी नुसता हात चालवतोय.

ती सांगते ते असं. "त्या बाईला विचार, तिची तब्येत कशी आहे. आम्हा बायका लांबच्या वाटेवर मूल आळीपाळीनं घेतो. जी दमली तिच्याकडे ते राहत नाही, इथं मात्र उलटं धरायचं. जी जास्त दमली असेल तिच्याजवळ पोरानं राहायचं. मला तिची वर्षं माहीत नाहीत, तिला माझी नाहीत, तेव्हा तिनंच खरं काय ते सांगावं. ती जास्त थकलेली असेल तर पुढच्या उन्हाळ्यात जहाज येईल त्यात मी याला बसवते, मी स्वतः किनाऱ्यापर्यंत येते. या हिवाळ्यापुरता मात्र न विचारता ठेवतेय, तेवढं तिनं मला माफ करावं." आणि मला बजावलंय की माझ्या मनात काय आहे ते यात एका अक्षरानं लिहायचं नाही, नाहीतर दोन्ही आया पोराला हवं तेच बोलतील. म्हणून मी लिहीत नाही. तर आई, खरं सांग, कशी आहेस तू? नेहमीसारखं "मला काय धाड भरलीय" असं सेरोराबाईंना लिहायला लावू नकोस, जिना चढताना थांबावं लागतं का, रात्री खोकला येतो का, सगळं कळव. मग मी गिजूला म्हटलं, आता तुझंही सांग, तिला कळायला हवं. ती पडून होती, चार दिवसांत तिनं पेजेशिवाय काही घेतलेलं नाही, आणि हाताला धरून बसवावं लागतं. तोंड दुसरीकडे करून म्हणाली, "लिही, म्हातारी ठणठणीत आहे." तिनं सांगितलं तसं मी लिहिलंय.

तुझाच,
एस्तेबे